मेलेपणाची मजुरी

तासाला दहा सू.
गवंड्याच्या रोजापेक्षा काकणभर सरस,
आणि थंडीत, चुना गोठतो तेव्हा, दुसरं आहेच काय.
काम एकच. मरून पडायचं.

मस्यू देलोन्वा म्हणाले, मान जरा उतरती ठेव, मार्सियाल.
हात असा, जणू काही मागता मागता राहिला.
मी म्हटलं, माणूस मरताना असं मागत नाही, मस्यू.
हात नुसता पडतो, पिशवीसारखा.
ते हसले.
त्यांनी मागणाराच हात काढला.

सहा आठवडे मी मेलो,
सकाळी नऊपासून उजेड असेतो.
शेगडी त्यांच्या पायाशी, माझ्या पाठीखाली फरशी.
वर खुंटीला त्यांचा नॅशनल गार्डचा निळा कोट,
बटणं घासून ठेवलेली.
शिंक आली की मेलेला उठून बसायचा
आणि रंग खलणारा ओनेझिम
"चमत्कार!" ओरडून छातीवर क्रूस काढायचा.

दगड म्हणून त्यांनी भुशाची पोती रचली होती.
असली बॅरिकेड कुत्र्यानं पाय वर केला तरी पडेल.
मी पडल्या पडल्या सांगितलं:
आधी घोड्यांची बसगाडी आडवी करायची,
मग रस्त्याचे दगड, सांधे चुकवून,
फटीत ओली गादी कोंबायची.
ब्रश थांबला.
तुला कसं ठाऊक?
गवंड्याला भिंत कळते, मस्यू.

पाचव्या आठवड्यात मात्र, डोळे मिटलेले असताना,
तोंडातून निघून गेलं.

लेओनार माझ्याहून सहा वर्षांनी लहान.
क्रूझहून माझ्यासोबत पायी आला होता मसाला कालवायला,
वाटेत चेरी चोरत.
जूनमध्ये तो शारोन रस्त्याच्या तोंडाशी पडला
तेव्हा डाव्या पायात बूट नव्हता.
गोळीचं कळतं.
कुठून आली, कुणी झाडली, कुणाच्या हुकमावरून,
सगळं कळतं.
बुटाचं कळत नाही.

मस्यू काही बोलले नाहीत.
खाली वाकले,
आणि माझा डावा बूट त्यांनी स्वतः काढला.
घोट्याला त्यांच्या बोटांचा निळा लागला,
तो आठवडाभर गेला नाही.

मग वरून कागद आला.
चित्राचे पैसे सरकार देणार, आणि सरकार बदललेलं.
लाल झेंडा नको.
रक्त आवरा.
मजूर कडेला सरकवा, मध्ये सेनापती हवा.
मग आणखी एक कागद: घोडा पांढरा करा.
ओनेझिम भेटला की बातमी द्यायचा,
गावी आजारी पडलेल्याची द्यावी तशी:
तुझा हात धुरात गेला.
छाती गेली.
काल, सांगायला वाईट वाटतं, तोंडही गेलं.

रविवारी प्रदर्शन फुकट असतं.
हात घासून धुतले. नखातला चुना कुठे जातो.
गर्दीत एक बाई पंखा मिटून म्हणाली, काय घोडा आहे!
खोटं कशाला बोलू, घोडा होताच तसा.
सेनापतीच्या तलवारीवर ऊन,
मागे खिडक्यांतून रुमाल हलवणारे लोक,
जे त्या दिवशी कुणी पाहिले नाहीत.

मी सरकत सरकत कडेला गेलो.
शेपटीच्या खाली, चौकटीच्या सोन्याला टेकून,
एक अनवाणी तळवा.
एवढाच उरलो होतो.

वाकून पाहिलं.
टाचेवर जुनी खूण, चंद्रकोरीएवढी,
फावड्याची.

माझ्या टाचेला अशी खूण नाही.
लेओनारच्या होती.
मी फक्त बुटाचं बोललो होतो.

माझे साडेतीन फ्रँक अजून मस्यूंकडे आहेत.
दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.
दोन्ही वेळा कडीला हात नेला,
आणि तो नुसता पडला,
पिशवीसारखा.