भाग सतरावा

करटूचं डोकं करवंटीचं, केस काथ्याचे,
सदरा माझ्या जुन्या परकरातून बेतलेला.
आत हात माझा. आवाजही माझाच,
दर शनिवारी साडेपाचला, अल्तिनोच्या टेकडीवरून
अँटेना जिथवर पोचेल तिथवर.

सतराव्या भागात तो दुपारचा झोपून उठतो.
घर गप्प. हाक मारतो, आई?
रांधपाच्या खोलीत चूल विझलेली.
आई?
मागल्या दारी दोरीवर ओलं लुगडं, थेंब थेंब.
तिसरी हाक, आणि मग काहीच नाही.
पेटीवाल्याला द्यायला पैसे नव्हते त्या महिन्यात.
नुसता करटू, कॅमेऱ्याकडे बघत.
त्याचे डोळे म्हणजे शर्टाची दोन बटणं,
बटणं मिटत नाहीत.

संहितेत चार सेकंद होते, मी अकरा घेतले.
पुढे त्यानं म्हणायचं होतं, "येईल ती."
मी विसरले.
मिनेझिस साहेब काचेपलीकडून म्हणाले,
राहू दे, छान झालंय.

सोमवारपासून पत्रं.
मडकईहून: मुलगी माझा पदर मनगटाला बांधून निजते.
सांग्याहून: पोरानं दुपारची झोपच टाकली, डोळे लाल.
चोडणहून एका बापाचं, हिरव्या शाईत:
भूत दाखवलं असतंत तर चाललं असतं.
देवचाराच्या गोष्टी आम्हीच सांगतो,
त्याला रोट ठेवतो, तो वाट दाखवतो.
ह्या रिकाम्या घराला काय ठेवायचं?

साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला.
भाग मागे घेतला. पुढचाही नको म्हणाले.
वर्तमानपत्रात चार ओळींची दिलगिरी,
आणि शनिवारी करटूच्या जागी
एक वांगं नाचलं.

अठरावा भाग तयार होता हो.
आई शेजारी गेलेली असते, आदोळी मागायला,
बोलत बसते, मग येते, हसते,
काथ्याच्या केसांत बोटं फिरवते. संपलं.
सव्वातीन मिनिटं.
टेपा महाग होत्या. त्याच टेपवर नंतर
काजूच्या मोहोरावरच्या किडीची मुलाखत घेतली.

मुलं भिऊ नयेत म्हणून आम्ही
त्यांना त्या घरात तसंच ठेवलं
आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

परवा रायबंदरच्या फेरीबोटीत
बांगड्यांवरून घासाघीस करत होते मी.
स्कूटरला टेकलेला, टक्कल पडू लागलेला एक माणूस
हळूच म्हणाला, तुम्ही करटू ना?
चोडणचा. च्यारी. बाप हिरव्या शाईनं लिहायचा.

आईला पुढे चोवीस वर्षं मिळाली, म्हणाला,
पण दुपारी उठलो की आधी हाक.
लग्न झाल्यावरसुद्धा. बायको हसायची.
म्हातारी कुठूनही ओ द्यायची, विहिरीवरून, माळ्यावरून.
मग घसा खाकरून,
कुणाकडे सुटे मागावेत तसा:
आली का हो ती? पुढच्या भागात?

आली, म्हटलं. आदोळी आणायला गेली होती.
आदोळी, तो म्हणाला. आदोळी.
मांडवीकडे बघत मान हलवत राहिला.
नुसतं सांगून भागणार नव्हतं.
मी रुमाल मुठीवर ओढला, दोन बोटांचं तोंड केलं.
आईचा आवाज अनसूयाबाईंचा, त्या केव्हाच गेल्या.
माझ्याकडे फक्त हाक होती.
तीच मारली, एकोणसत्तर वर्षांच्या घशातून,
तरी करटूचीच निघाली:
आई?

इंजिनाची घरघर. खांबावर एक पाणकावळा.
मी मोजत होते. चारपर्यंत आले असेन,
बोटीवरच्या बायकांनी माना वळवल्या,
पाटीवरून, मोबाइलवरून, कुणाच्या तरी दप्तरावरून,
आणि कठड्याला टेकून पेंगणारी एक
डोळे न उघडताच म्हणाली,
येतां रे पुता.