येणारं रक्त, जाणारं रक्त

तळोज्याच्या सकाळपाळीत पहिला तोच येतो,
लांब पंखांचा कुपा, थंड समुद्राचा,
उणे अठरावर दगड झालेला,
शेपटीला पट्टा, पट्ट्यावर बावीस किलो.
मी ड्रिल लावते, भोकात थर्मामीटर खुपसते,
आकडा वहीत लिहिते.
हा पुरता गार आहे ना, एवढंच बघायचा मला पगार.

आणि हा तर जन्मभर गार व्हायला नकार देत आलेला.

बा खाडीत डोल टाकायचा.
बोंबील, कोलिम, चिखलात उड्या मारणारे निवटे,
पाणी तापलं की तापायचे, निवलं की निवायचे.
मासा म्हणजे हाडं फुटलेलं पाणी, बा म्हणायचा.
त्याला हा दाखवायला हवा होता.

करवतीखाली आडवा कापला
की मणक्यालगत काळपट लाल मांस दिसतं.
ते थकत नाही. दिवसरात्र पोहतं.
तोंड उघडं ठेवून धावणं हाच याचा श्वास,
थांबला की कल्ले कोरडे पडल्यासारखे, भर समुद्रात.
धावण्याची ऊब रक्तात उतरते,
रक्त कल्ल्यांकडे निघतं,
आणि तिथे समुद्र बसलेला, हात पसरून.

पण वाटेत एक जाळी आहे.
सिक्वेरा मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत
डब्याच्या झाकणावर, भेंडीच्या तेलात बोटाने काढून दाखवली :
केसासारख्या नळ्या, अंगाला अंग लावून,
एकीतून तापलेलं रक्त निघालेलं,
शेजारच्या नळीतून गारठलेलं परतणारं.
रक्तात रक्त मिसळत नाही.
ऊब तेवढी भिंत ओलांडते.
जाणारं येणाऱ्याला देऊन टाकतं
आणि गार होऊन जातं पुढे,
समुद्राच्या हाती फारसं लागत नाही.
मॅडमनी मग झाकण पुसलं.

हरेश्वर तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला, रात्रपाळी.
सहा दहाला दिवाळ्यात दाराशी येतो,
मी सव्वासहाला निघते.
दार अरुंद, एकाला आडवं व्हावं लागतं.
मी चहाचा ग्लास देते,
तो स्कूटरची किल्ली, बोटांइतकीच गार.
पोरगी रात्री खोकली. ब्रेक जरा बघून मार.
संपलं. अकरा वर्षं.
नणंद म्हणते, हा काय संसार, ही तर नुसती ये-जा.
मीही तेच म्हणत आले.

आज तिसऱ्या माशाचा आकडा उणे चौदा निघाला.
वाटेत गाडीचं दार कुठेतरी उघडं राहिलं असणार.
लाल शेरा मारायचा असतो, मारला.
त्याआधी हातमोजा काढून
त्या भोकावर बोट ठेवलं,
नियमात बसत नाही तरी.
काही नव्हतं. बर्फ होता.

संध्याकाळी तो निघताना दारात किल्ली परत दिली.
मुठीत धरूनच आले होते वाटतं, जिना चढताना.
गरम आहे गं, म्हणाला,
आणि खिशात न टाकता
तशीच हातात घेऊन उतरला.