अवधाण

आधी चांदरीच्या रेडकाच्या ओठांना आलं,
मग चांदरीच्या सडांना,
मग आयेच्या तर्जनीला.
दूध उतरतं त्याच वाटेनं
उलटं चढत आलं घरात.

जांभळट, गोल, मधे खळगा,
अर्धी सुपारी कातरून चिकटवावी तसं.
दुखत नव्हतं फारसं.
आये म्हणाली, काटा असेल,
आणि दोन्ही वेळच्या धारा काढत राहिली.

धाकू वरकानं दाढीच्या ब्लेडनं चीर दिली.
पू नव्हताच. रक्त आलं तेवढं.
तिसऱ्या दिवशी मात्र खरंच पिकलं,
मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ गेली
आणि काखेत अवधाण, आवळ्याएवढं.
रात्री तापात ती चांदरीला हाका मारत होती,
मला नाही.

वाळपईला सुया झाल्या. रेघ मागे हटली.
सुटलो म्हणेस्तोवर
दोन्ही हातांवर चकत्या उठल्या,
वर्तुळात वर्तुळ, मधोमध काळसर डोळा.
म्हशीचं अंग कधी लागलं नाही तिथंही,
गुडघ्यांवर, ओठांच्या आत.
धनगरवाड्यावर कुणी म्हणालं देवी,
कुणी त्याहून वाईट.
डेअरीच्या सगुणनं आमचा कॅन
न बोलता पायानं बाजूला सारला.

बांबोळीला डॉक्टर लियोनोरनं
चकत्यांवरून उघडं बोट फिरवलं.
ह्यांत विषाणू नाही, म्हणाली,
तो त्या एका बोटात होता, तोही निघालाय.
हा अंगाचा राग.
चोर पळाल्यावर
घरच्याच दारांवर काठ्या मारतंय अंग.
आये म्हणाली, माझ्या सासऱ्यावर गेलंय मग.
डॉक्टर हसली. आयेला ओठ फाकवता येईना.

डेअरीला अर्ज लिहिला मी.
बोटाचं, सुयांचं, अवधाण उतरल्याचं.
सगुणनं मोठ्यानं वाचलं: अवधान.
मी ण सांगणार होते,
राहू दिलं.

आता धारा मी काढते.
डॉक्टरनं दिलेल्या रबरी मोज्यांना
चांदरी पान्हा सोडत नाही.
लाथ मारते, कासंडी कलंडते,
रेडकू खपली झडलेल्या ओठांनी ढुशा देतं.
आतून आये विचारते,
मोजे घातलेस ना गो?
हो, म्हणते मी,
आणि रात्री टॉर्चच्या उजेडात
एकेक बोट उलटसुलट करून बघते.