काठाची मोजणी

वेअरडेलमधल्या स्टॅनहोप गावात
गुरुवारी दोन वाजता हॉल उघडतो.
अकरा बायका, सहा यंत्रं, आणि मी.
लेक दारात सोडते, म्हणते, "बाबा, वाद घालू नका."

मी शिवलेली पहिली गोधडी जमिनीवर पसरली
तर मधला भाग सपाट, काठ मात्र
निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखे.
इकडे दाबावं, तिकडे उठतात.
मॉरीन टॅलेंटायरनं चष्मा कपाळावर सरकवला:
"पट्टी किती लांब कापली होतीस?"
कापली कुठे, म्हटलं. लावत गेलो, शिवत गेलो,
शेवटी उरली ती छाटली.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

एकतीस वर्षं मोजणीदार होतो मी.
वडूज, दहिवडी, म्हसवड.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची,
ताणून धरल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.
आणि कापडाला म्हटलं, चालतंय की.

"कडेचं माप घेऊ नकोस," मॉरीन म्हणाली,
"कड सगळ्यांच्या हाताखालून जाते,
उचलताना, इस्त्री करताना, कौतुकानं दाखवताना.
ताणली जाते, मग खोटं बोलते. मधून मोज."
मधून मोजलं, तीन ठिकाणी.
सव्वाएकसष्ट. एकसष्ट. पावणेएकसष्ट.
कड म्हणत होती बासष्ट आणि वर थोडं.
म्हणजे पट्टी एकसष्ट इंच, दोन्ही बाजूंना तेवढीच,
कड काहीही म्हणो.

पण आधी उसवायचं.
घरी येऊन गालिच्यावर बसलो.
दर चौथा टाका कापायचा, मग मागचा दोरा ओढला
की शिवण सुटत जाते, शेंग सोलल्यासारखी.
बाहेर चारलाच काळोख.
समोरच्या टेकडीवर दगडी कुंपणं,
ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड.
दोनशे वर्षांत एक हातभर सरकलं नाही म्हणतात.
मला पटत नाही.

बांध कसा कोरतात ते मी पाहिलंय.
यंदा नांगराचं एक तास आत,
पुढल्या साली आणखी एक,
आणि बांध दिसतो अगदी सरळ.

येळे बंधूंचा गट. सत्त्याऐंशीचा मे, दुपारचे बारा.
हद्दीचा दगड बाभळीच्या जाळीत, काट्यांत होता.
मी बांधावरून मोजलं.
"मापात पाप नाही ना, रावसाहेब?" धाकट्यानं विचारलं.
सोळा आणे, म्हणालो, आणि सही केली.
त्या कागदाचा
दर चौथा टाका कापायची सोय नाही.

शुक्रवारी नवी पट्टी कापली, उभ्या धाग्यात.
आडवा धागा सैल, लाडावलेल्या पोरासारखा.
पट्टी दुमडून मधोमध खूण, मग पाव, पाऊण.
गोधडीलाही त्याच जागी.
खुणेला खूण टाचली,
कडेचा जास्तीचा फुगवटा टाचण्यांमध्ये वाटून टाकला,
थोडा थोडा सगळ्यांना.
सैल बाजू खाली, यंत्राच्या दातांकडे,
दात ती आपसूक जिरवतात.
आपण हातानं ओढायचं नाही.
हे मला फार जड गेलं.
मग वाफ. इस्त्री फिरवायची नाही,
ठेवायची, उचलायची, ठेवायची.

तीन काठ बसले. चौथ्याचा एक कोपरा
अजून किंचित उठतो.
मॉरीन म्हणते, तिथं धावदोरा दाट घाल, मुरेल.
लेक म्हणते, बाबा, कुणाला दिसणारे?

धाकट्या येळेला दिसलं असतं.
तिला काय सांगणार?
सुई पुढे करतो, म्हणतो,
एवढा दोरा ओवून दे.