बावीस नंबरचा डबा

बावीस नंबरचा डबा कोडापेचा.
कोरचीहून आलेली पोर, नंदनवनात तिसऱ्या मजल्यावर राहते,
पोलीस भरतीसाठी पहाटे साडेचारला ग्राउंड मारते.
परवा तिच्या डब्यातून चिठ्ठी आली,
धुतलेल्या झाकणाला चिकटलेली:
काकू, उद्यापासून मला क्लीन पाहिजे.

अर्धा तास मी रागात.
सत्तावीस वर्षं झाली डबे भरून,
एक खडा नाही, एक केस नाही,
एकदा मुंगी निघाली, ती गुळाची होती,
त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाही.
अन् ही मला क्लीन शिकवून राहिली.

संध्याकाळी स्वतःच आली, बुटांना धूळ.
ओट्याला टेकून म्हणाली, तसं नाही ना काकू.
धुतलेलं तर सगळंच असते तुमचं.
ताटात ज्याचा मूळ चेहरा ओळखू येते, ते.
मग फळीवरचं एकेक पाकीट उलटं करून
पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत गेली.
पनीरच्या मसाल्यात साखर.
सॉसमध्ये साखर.
ज्या टोस्टला मी आजाऱ्याचं खाणं समजत होते
त्यात मैदा, साखर, आणि एक नंबर.
नुसता नंबर, गाडीला असतो तसा.

म्हटलं, नंबर तर तुझ्या डब्यालाही आहे.
हसली.

रात्री कूलर पाणी मागत राहिला, एप्रिल नागपूरचा,
मी पडल्या पडल्या फळी आवरत होते.
काय काढायचं, अन् कोणाच्या पैशानं?
महिन्याचे अठ्ठावीसशे घेते मी.
त्यात ते परदेशी हिरवं फळ बसत नाही,
ज्याचं नाव माझ्या जिभेवर टिकत नाही ते धान्य बसत नाही.
बुधवार बाजार बसतो.

तर सक्करदऱ्याला गेले.
चिवळ घेतली, जमिनीला चिकटून वाढणारी,
निवडता निवडता कंबर वसूल करणारी.
सांबाराची जुडी, मुळांना माती असलेली.
जवस अर्धा किलो.
भिवापुरी मिरची महाग होती, ती घेतलीच.

तीसही डब्यांना तेच केलं, सांगितलं नाही कोणाला.
पाकिटाच्या जागी खोबरं भाजलं, तीळ भाजले,
पळीचं तेल चमच्यावर आणलं.
सात नंबर म्हणाला, काकू, तर्री कुठे गेली?
अकरा नंबरनं डबाच बंद केला.
दोघांनी जवसाची चटणी जास्तीची मागितली.
असा हिशोब. याला फायदा म्हणता येत नाही.

रविवारी मात्र तर्री-पोहे होतीलच,
वर लाल तवंग, हरभरे, कच्चा कांदा.
कोडापे, तू दोन फेऱ्या जास्त मार,
त्यात मी ऐकणार नाही.

अन् एक गोष्ट तिला सांगितली नाही.
ती पाकिटं वाचत होती तेव्हा
ओट्यावरची बशी मी फडक्याखाली सरकवली:
गार चहा, दोन टोस्ट, कढईतली खरवड.
दुपारपासून राहून गेलेलं माझं जेवण,
रोजचंच, उभ्यानं, डबे गेल्यावर जमेल तेव्हा.
तीस जणांचं निवडून, पाखडून देणारी मी,
माझ्याच पोटात कशाचा चेहरा ओळखू येत नव्हता.

आज माळ्यावरून एकतिसावा डबा काढला.
कडी तुटलेला, म्हणून कोणाला देत नाही तो.
त्यात चिवळ, ज्वारीची भाकर, कांद्याची फोड.
नंबर टाकला नाही.
साडेबाराला सायकली गेल्या
अन् मी पंख्याखाली खुर्ची ओढली.
पहिल्या घासाला वाटलं, मीठ जास्त झालं.
मग कळलं, बरोबर आहे,
आजवर चाखत आले, जेवले नाही.

तेवढ्यात एकोणीस नंबरचा फोन.
झाकण सैल असेल, वरण सांडलं असेल.
वाजू दिला.
भाकरीचा पापुद्रा अजून फुगलेला होता,
बोट लावलं तर वाफ आली.