गुण पाच

प्रश्न चौथा: नाट्यउताऱ्यातील भाटकाराचे
स्वभावचित्र रेखाटा.
तीस पेपरांत एकच उत्तर:
लोभी, कपटी, काळजाचा दगड.
मीच फळ्यावर लिहून दिलेलं.

एकतिसावा प्रज्योती गावडेचा.
‘भाटकार दरवर्षी आमचे बाबा करतात,
सावईवेऱ्याच्या जत्रेत. लोक शिव्या घालतात,
मग बाबा पहाटे घरी येऊन पोटभर पेज जेवतात.
दुसऱ्या अंकात ते मुंडकाराचं वासरू ओढून नेतात.
वासरू खरं असतं, आमच्याच गोठ्यातलं.
बाबा ओरडतात, डोळे वटारतात,
पण दावं सैल धरतात,
मानेवर वळ उठू नये म्हणून.
भाटकार वाईट आहे.
दावं धरणारा हात त्याचा नाही.
हे दोन्ही लिहायचं का, ठाऊक नाही.’

बाहेर कुळागरात कुणी पाट फोडला,
पाणी पोफळींच्या मुळांशी निघालं.
‘विषयांतर’ लिहिलं. खोडलं.
तीन वर्षं पहिल्या रांगेत बसतोय मी,
नजर कायम भाटकाराच्या मिशीवर.
दाव्याकडे एकदाही गेली नाही.

साडेचार दिले.
अर्धा कापला, ऱ्हस्वदीर्घाचा.