गैरमुमकिन तालाब

रजिस्टर तिसरं, पान एकशे बारा.
घोडतळं परिसर रहिवासी संघ, उदगीर.
सभा बसलिंगअप्पांच्या गच्चीवर,
हजर अकरा, त्यातले दोघे चहापुरते.
लिहिणार मी, कुमुद पांचाळ, सचिव;
अक्षर लागतं, एवढ्या पात्रतेवर.

सहा वर्षं आम्ही काढत आलो
जलपर्णी, थर्माकोल, गणपतीचे सुटलेले हात,
एकदा एक अख्खी स्कूटर, नंबरप्लेटसकट.
डॉक्टर तोंडारे वर्गणीची पावती फाडतात, घरटी शंभर.
चिंगूबाई भोई शंभर देत नाहीत,
होडी देतात.
होडी म्हणजे ट्रकची फुगवलेली ट्यूब, वर बाज.

मग पश्चिमेकडून मुरूम पडू लागला.
रात्री, हायवातून, दिवे विझवून.
तहसिलात साहेबांनी सातबारा आमच्याकडे फिरवला:
इथं तळं नाही. पडीक आहे.
पाणी दिसतंय की, साहेब.
दिसण्याला रकाना नाही, ताई.

चौथ्या खेपेला सेतवार हाती आलं,
पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचं,
कडेनं वाळवीनं खाल्लेलं, उर्दूत.
जहीरोद्दीन मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
बोट उजवीकडून डावीकडे चालत गेलं,
थांबलं.
"गैरमुमकिन तालाब."

आमचे चेहरे पडले.
अप्पांना वाटलं, होणे नाही म्हणाले.
मास्तर हसले.
अहो, नांगर चालत नाही, म्हणून गैरमुमकिन.
पेरता येत नाही, सारा बसत नाही,
अशी जागा.
एकतीस एकर बारा गुंठे.
चिंगूबाई दारातूनच म्हणाल्या,
"मंग इतके दिस आमी जाळं कशात टाकलालाव?"

पेढे आले. त्या पानावर तुपाचा डाग आहे.

मग मोजणी.
तिपाई, यंत्र, लाल रिबीन.
मुरमाचा ढीग आत आला. टाळ्या.
रिबीन पुढं सरकली.
अप्पांचं कंपाउंड आत.
डॉक्टरांचा पोर्च आत, गाडीसकट.
"तळे आपले, जबाबदारी आपली" ही आमचीच पाटी,
तीही आत.
माझं स्वयंपाकघर, शेगडीपर्यंत.
मोजणीवाल्या पोरानं विचारलं,
मॅडम, खुंटी इथं ठोकू, की फरशीला खडूनं खूण करू?

खडूनं, म्हणाले मी.

ठराव क्रमांक नऊ.
तळ्याच्या हद्दीतील सर्व अतिक्रमणे हटवावीत.
अप्पांनी "सर्व" वर बोट ठेवलं.
उचललं नाही.
खाली रस्त्यावरून शेंगावाला ओरडत गेला,
पुढच्या चौकात पोचला, तरी बोट तिथंच.
"पश्चिमेची, असं लिहिता आलं असतं," डॉक्टर म्हणाले,
कुणाकडं न बघता.
मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.
"दोनच अक्षरं आहेत, कुमुदताई. खोडाखोड दिसते."

सूचक: चिंगूबाई भोई, अंगठा.
अनुमोदक:

स्वयंपाकघराची ती भिंत
दर भादव्यात ओली होते.
अठरा वर्षं मी तिच्याशी भांडतेय,
लातूरहून वॉटरप्रूफिंगचे डबे,
तीन गवंडी, तिघांनाही शिव्या.
काल रात्री दिवा न लावता हात टेकला.
गार. पोपडे. तळहाताला मिठाची कचकच.
ती गळत नव्हती कधीच.
कुणीतरी आपल्या जागेवर
येऊन बसत होतं, गपचूप,
ओट्याच्या उंचीपर्यंत.

पेन्सिल घेतली, ओल जिथवर होती
तिथं रेघ मारली. बाजूला तारीख.

सकाळी रजिस्टर उघडलं,
अनुमोदक, पुढं दोन टिंबं,
पेनाचं टोपण काढलं, तर
नळ आला. बाराव्या दिवशी.
आधी घागरी भरून घेतल्या.